फाइल ओळखण्याची विद्या : प्रस्तावना

संगणकाच्या साठवणीत जे जे असते, मग तो डिजिटल सहीचा सातबारा असो, कीर्तनाचे ध्वनिमुद्रण असो, परीक्षेच्या अर्जासाठी काढलेला फोटो असो की मंत्रालयातून निघालेले परिपत्रक असो, ते सर्व अखेरीस शून्यापासून २५५ पर्यंतच्या संख्यांची एक लांबच लांब रांग असते. आणि त्या रांगेतील एखादी संख्या सुटी काढून पाहिली असता ती चित्राचा अंश आहे, गाण्याचा आहे की मजकुराचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. म्हणून हाती आलेली फाइल उघडण्यापूर्वी, ती कोणत्या प्रकारची आहे, या प्रश्नाचा निकाल प्रत्येक प्रोग्रामला लावावा लागतो, आणि तो निकाल तीनच साक्षींवरून लागू शकतो: फाइलीच्या नावाची शेपटी, म्हणजे ज्याला सर्व जण एक्स्टेन्शन म्हणतात ते, पाठवणाऱ्याने सोबत लिहून दिलेला प्रकाराचा दाखला, आणि खुद्द फाइलीचे अंतरंग. या तिन्ही साक्षी तपासून निर्णय देणारे, एकदा लिहून हजारो प्रोग्रामांनी वापरावे असे जे तयार साहित्य असते, त्या लायब्ररींचा परिचय मराठी वाचकास करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे.

विषय वरकरणी इतका किरकोळ आहे, की त्यावर स्वतंत्र ग्रंथ कशाला, असे कोणासही वाटावे. परंतु ज्या प्रदेशात हे पुस्तक लिहिले गेले त्या वऱ्हाडातील वाचकास या विषयाचे मर्म समजावून देणे मला अवघड वाटत नाही. रुईच्या प्रत्येक गाठीवर ती दाबणाऱ्या कारखान्याची खूण व अनुक्रमांक असलाच पाहिजे, असा कायदा १९२५ मध्ये या देशात झाला. तरीही जाणता खरेदीदार गाठीच्या पोटातून नमुना काढून, तो चिमटीत ओढून तंतूची लांबी पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. खूण नसेल तर व्यापार चालावयाचा नाही, कारण प्रत्येक गाठ फोडून पाहण्यास कोणालाही सवड नाही. आणि नमुना काढण्याची सोय नसेल तर खुणेवरचा विश्वास फार दिवस टिकावयाचा नाही. फाइलींच्या व्यवहारातही दाखला आणि नमुना या दोहोंची गरज अशीच परस्परावलंबी आहे, आणि या विषयात जे जे पंथ निर्माण झाले त्यांतील मतभेद, कोणत्या साक्षीला किती वजन द्यावे, एवढ्याच मुद्द्याभोवती फिरत राहिले आहेत.

इतिहासदृष्ट्या पाहता अंतरंगाची परीक्षा दाखल्याच्या आधी आली. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीच्या १९७३ मधील चौथ्या आवृत्तीत ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा होती. ती फाइलीचे आरंभीचे बाइट वाचून तिच्या स्वरूपाविषयी अभिप्राय देत असे. बहुतेक स्वरूपांचे कर्ते आपल्या फाइलीच्या आरंभी एक ठरावीक चिन्ह मुद्दाम कोरून ठेवतात. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व पी-डी-एफ ही अक्षरे असतात, जीआयएफ चित्र स्वतःचे नाव आणि ८७-ए किंवा ८९-ए हा आवृत्तिदर्शक अंक सांगूनच सुरू होते, आणि झिप फाइल त्या स्वरूपाचे जनक फिल कॅट्झ यांची पी-के ही आद्याक्षरे मिरवते. या चिन्हांना प्रोग्रामर मॅजिक नंबर म्हणतात. त्यांची यादी प्रोग्रामच्या पोटात न ठेवता एका वेगळ्या फाइलीत ठेवण्याची पद्धत पुढे पडली, आणि इयन डार्विन यांनी १९८६-८७ च्या सुमारास या आज्ञेची सर्वांस खुली असलेली नवी रचना केली. क्रिस्टॉस झूलास यांनी पुढे दीर्घकाळ सांभाळलेली ती रचना आणि तिच्यातून निघालेली लिबमॅजिक ही लायब्ररी आजही जगातील असंख्य संगणकांवर हे काम मुकाट्याने करीत आहे. ॲपलच्या मॅकिन्टॉशने १९८४ मध्ये निराळी वाट धरली होती: फाइलीसोबतच, पण तिच्या मजकुराबाहेर, चार अक्षरी प्रकार व चार अक्षरी कर्ता यांची नोंद ठेवावयाची. ती वाट तर्कशुद्ध होती. परंतु फाइल त्या यंत्राबाहेर पडताच ती नोंद गळून पडत असे, आणि नावाच्या शेपटीखेरीज कोणतीही ओळख तिच्याजवळ उरत नसे.

दाखल्याची कथा टपालातून सुरू झाली. त्या वेळचे ई-पत्र १९८२ च्या नियमांनुसार केवळ इंग्रजी वर्णांचे व सात बिटांचे असे. त्यातून चित्र पाठवावयाचे तर ते आधी अक्षरांच्या जंजाळात रूपांतरित करावे लागे, आणि घेणाऱ्याने ते काय आहे हे अंदाजाने ओळखावे लागे. नेथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी या अडचणीवर जो उपाय काढला तो माइम या नावाने प्रसिद्ध आहे. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी छायाचित्र व गाणे जोडलेले ई-पत्र पाठवले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्या पद्धतीचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांचा गाभा अगदी साधा होता. पत्राच्या प्रत्येक भागाच्या माथ्यावर त्याचा प्रकार तिरप्या रेषेने विभागलेल्या दोन नावांत लिहावयाचा: रेषेपूर्वी कुळाचे नाव आणि तिच्यानंतर विशिष्ट स्वरूपाचे, जसे इमेज/पीएनजी किंवा ॲप्लिकेशन/पीडीएफ. आरंभी अशी सात कुळे होती. १९९७ मध्ये त्रिमितीय प्रतिकृतींचे, २०१७ मध्ये फाँटांचे आणि २०२५ मध्ये स्पर्शसंवेदनेचे कूळ त्यांत दाखल झाले. टपालासाठी केलेली ही तजवीज जागतिक जाळ्याने जशीच्या तशी उचलली, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या नियमांत तिला अधिकृत स्थान मिळाले, आणि ज्या इंटरनेटची सेवा आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य ग्राहकास मिळू लागली, त्यातून येणाऱ्या प्रत्येक पानाच्या व चित्राच्या माथ्यावर हा दाखला तेव्हापासून आहे.

या नावांची एक सार्वजनिक नोंदवही आहे, आणि आयएएनए ही संस्था ती सांभाळते. कोणाही कंपनीने वा व्यक्तीने उठून नवे नाव रूढ करावे, असा तेथे अंमल नाही. मान्यताप्राप्त मानकांची नावे एका शाखेत, व्यापारी उत्पादनांची व्हीएनडी या उपपदाने आरंभ होणाऱ्या दुसऱ्या शाखेत, खाजगी प्रयोगांची तिसऱ्या शाखेत, आणि प्रत्येक अर्जाची जाणकारांकडून तपासणी, अशी तिची व्यवस्था असून २०१३ चे नियम आजचा तिचा आधार आहेत. अर्ज तपासण्याचे हे कष्टाचे काम नेड फ्रीड यांनी कित्येक वर्षे निष्ठेने केले. २०२२ मध्ये ते निवर्तले. अशा माणसांचे ऋण मानण्याची रीत आपल्या क्षेत्रात फारशी नाही, म्हणून येथे ते मुद्दाम नमूद करतो.

नोंदवही म्हटली की ती स्थिर असावी, अशी आपली अपेक्षा असते. पण ही नोंदवही हलते. जावास्क्रिप्टच्या फाइलीला ‘टेक्स्ट’ कुळात ठेवणे कालबाह्य ठरवून २००६ मध्ये ‘ॲप्लिकेशन’ कुळातील नाव पुरस्कारले गेले, आणि २०२२ मध्ये तोच निर्णय फिरवून पुन्हा ‘टेक्स्ट’ कुळातील नाव ग्राह्य ठरले. ज्यांनी आपल्या प्रोग्रामात ही नावे हाताने लिहून ठेवली त्यांना दोन्ही वेळा दुरुस्ती करावी लागली; ज्यांनी ती एखाद्या जागत्या लायब्ररीकडून मागून घेतली त्यांना लायब्ररी अद्ययावत करण्यापलीकडे काही करावे लागले नाही. लायब्ररीचे प्रयोजन याहून स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

पंथांचा विचार करता सर्वांत मोठा पंथ नावावर विश्वास ठेवणाऱ्यांचा आहे. अपाची सर्व्हरसोबत येणारी एक साधी कोष्टकवजा फाइल या पंथाचा मूळ ग्रंथ म्हणावा लागेल. डावीकडे प्रकार, उजवीकडे त्याच्या शेपट्या. पर्ल भाषेत मार्क ओव्हरमीर यांनी लिहिलेली माइम-टाइप्स ही लायब्ररी, तिच्यावरून रूबी भाषेत झालेली ऑस्टिन झीगलर यांची रचना, पायथनच्या मूळ संचातच असलेले माइमटाइप्स आणि नोड-विश्वातील माइम-डीबी या सर्व याच कुळातल्या. कोष्टकात नाव शोधून उत्तर देणे हे काम क्षणार्धाचे आहे, आणि फाइल प्रत्यक्ष हाती नसतानाही ते करता येते, हा या पंथाचा मोठा गुण होय. तरी या सोप्या कामातही कौशल्याला वाव आहे. सगळे कोष्टक स्मृतीत भरून ठेवले तर ते उगाच जागा अडवते. म्हणून मिनी-माइम या छोट्या रूबी लायब्ररीने कोष्टक डिस्कवरच वर्णक्रमाने ठेवून त्यात द्विभाजनाने शोध घेण्याची युक्ती योजली. अशा काटकसरीचे मला मनापासून कौतुक वाटते.

दुसरा पंथ अंतरंगपरीक्षकांचा. लिबमॅजिक त्याची अग्रणी. त्याची अडचण अशी, की आजच्या पुष्कळ फायली एकमेकींच्या पोटात वसतात. वर्डची अलीकडची फाइल, अँड्रॉइडचे ॲप, जावाचे संपुट आणि ई-पुस्तक या चौघांच्याही आरंभी तीच पी-के अक्षरे सापडतात, कारण चारही मुळात झिप आहेत. ई-पुस्तकाच्या कर्त्यांनी यावर काढलेला तोडगा या सबंध विषयातील मला सर्वांत देखणा वाटतो: पुडक्यात सर्वांआधी ‘माइमटाइप’ नावाची एक चिमुकली फाइल, न दाबता, ठेवावयाची, जेणेकरून मथळ्याचे ३० बाइट व नावाचे आठ ओलांडले की ३८ व्या स्थानापासून पुस्तकाचा प्रकार उघड्या अक्षरांत वाचता येतो. दाखला आणि नमुना यांची अशी एकजीव गाठ अन्यत्र क्वचितच पडली आहे.

तिसरा, समन्वयाचा पंथ, नाव व अंतरंग या दोहोंचे वजन तोलून निर्णय देतो. लिनक्सच्या डेस्कटॉपांवर वापरली जाणारी फ्रीडेस्कटॉपची शेअर्ड-माइम-इन्फो आणि २००७ मध्ये सुरू झालेली अपाची टिका ही त्याची मुख्य उदाहरणे. अभिलेखागारांचा पंथ याहून निराळा आहे. त्यांना स्वरूपाबरोबरच त्याची नेमकी आवृत्तीही हवी असते, कारण ५० वर्षांनी ती फाइल कोणत्या साधनाने उघडेल याची चिंता त्यांना आज वाहावी लागते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००२ मध्ये तयार केलेली आणि २००४ मध्ये सर्वांस खुली केलेली प्रोनॉम ही सूची त्या चिंतेतून जन्मली. गूगलने २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॅजिका या साधनात ओळखण्याचे हे काम शिकवून तयार केलेल्या यंत्रबुद्धीवर सोपवले आहे. चिन्हविरहित मजकुराच्या बाबतीत तिचा उपयोग आहे खरा, पण निर्णय का दिला याचे कारण जी सांगू शकत नाही तिच्यावर दप्तराचा सर्व भार टाकू नये, असे माझे मत आहे.

या पंथांची सरमिसळ केवळ तांत्रिक नसते, हे मार्च २०२१ मध्ये सर्वांच्या ध्यानात आले. रूबीतील माइममॅजिक ही लायब्ररी अत्यंत उदार परवान्याखाली वाटली जात होती. मात्र तिच्या पोटातील प्रकारांची सूची फ्रीडेस्कटॉपच्या संग्रहातून घेतलेली होती, आणि त्या संग्रहाचा जीपीएल परवाना, जो घेईल त्यानेही त्याच अटींवर द्यावे, असे बंधन घालणारा होता. ही विसंगती निदर्शनास येताच लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या मागे घेण्यात आल्या, आणि रेल्स या रूबीतील वेब-चौकटीच्या आधारावर उभ्या असलेल्या असंख्य संकेतस्थळांची नवी उभारणी त्या दिवशी अडली, कारण रेल्स ही मार्सेल नावाच्या लायब्ररीवर आणि मार्सेल ही चिमुकल्या माइममॅजिकवर अवलंबून होती. अल्पावधीतच मार्सेलने टिकाची सूची स्वीकारून वाट मोकळी केली. या प्रकरणात कोणी लबाडी केली नव्हती. प्रोग्रामचा परवाना आणि त्यातील माहितीचा परवाना या दोन सनदा स्वतंत्र आहेत, एवढे भान मात्र सुटले होते. आणि जी वस्तू कोणाच्या नजरेसही येत नाही तिच्यावर किती मोठा डोलारा उभा असतो, हे त्या आठवड्यात दिसून आले.

दाखल्यावर विश्वास न ठेवता ब्राउझरने स्वतःच नमुना पाहून ठरवावे, ही सवलत एके काळी फार सैल होती. चित्र म्हणून ठेवलेल्या फाइलीत घातक मजकूर दडवावा आणि ब्राउझरने त्याला पान समजून चालवावे, असे हल्ले त्यातून झाले. म्हणून २००८ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीच्या काळात, ‘अंदाज करू नका, दाखलाच प्रमाण माना’ असे सर्व्हरने बजावण्याची सोय आली आणि पुढे ती सार्वत्रिक झाली. आज हा धोका मोबाइलवरून घरोघर पोहोचला आहे. लग्नसराईत अनोळखी क्रमांकावरून पत्रिका म्हणून येणारी फाइल पत्रिका नसून एपीके, म्हणजे अँड्रॉइडचे ॲप, आणि तेही फोनचा ताबा घेणारे असते, आणि ती उघडणाऱ्याच्या बँकेतील शिल्लक जाते, अशा तक्रारी आता शहरांत आणि खेड्यांत सारख्याच ऐकू येतात. नावात ‘पत्रिका’ आणि ‘पीडीएफ’ हे शब्द असले तरी प्रकार शेवटच्या शेपटीने व अंतरंगाने ठरतो, हे ज्ञान आता केवळ अभियंत्यापुरते ठेवून भागणार नाही.

आता ज्या भागासाठी हे पुस्तक मुख्यतः लिहिले गेले त्याकडे वळतो. मजकुराच्या फाइलीला मॅजिक नंबर नसतो. ‘टेक्स्ट/प्लेन’ एवढे सांगून तिची ओळख पुरी होत नाही, तिची अक्षरे कोणत्या संकेतावलीत आहेत हेही जोडीला सांगावे लागते. मराठीसाठी आयएस १३१९४ हे भारतीय मानक १९९१ मध्ये अस्तित्वात आले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही छपाईच्या व्यवसायात आणि सरकारी कचेऱ्यांत पुढची अनेक वर्षे राज्य केले ते श्रीलिपी, आकृती, कृतिदेव व सी-डॅकचे सुरेख, योगेश अशा फाँटांनी. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि कोणत्या जागी कोणता तुकडा, हे फाँटागणिक निराळे असे. कृतिदेवात टंकलेला ‘मराठी’ हा शब्द फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने असतो. अशी फाइल उत्तमातील उत्तम लायब्ररीपुढे ठेवा; ती तिला निःशंकपणे ‘साधा मजकूर, इंग्रजी वर्ण’ असा दाखला देईल. बाइटांच्या दृष्टीने तो निर्दोष आहे आणि अर्थाच्या दृष्टीने संपूर्ण चुकीचा.

याचे मूळ असे, की खरा दाखला लिहावयाचा म्हटले तरी त्यासाठी नावच उपलब्ध नाही. तमिळ भाषकांनी आपली टीएससीआयआय ही संकेतावली आयएएनएच्या नोंदवहीत रीतसर दाखल केली. आपल्या फाँटांच्या संकेतावल्यांपैकी एकीचीही नोंद तेथे नाही. परिणामी विद्यापीठांचे जुने मराठी प्रबंध पीडीएफच्या रूपात डोळ्यांना स्वच्छ दिसतात, पण त्यांतील एखादा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. आणि अमरावती-अकोल्याच्या छापखान्यांतून त्या काळात रचले गेलेले स्मरणिकांचे, गौरवग्रंथांचे व कवितासंग्रहांचे मजकूर, ते रचणारा फाँट ज्या दिवशी संगणकावरून पुसला जातो त्या दिवशी वाचनाबाहेर जातात. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर महानुभावांचे महास्थान. त्या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले आणि ज्यांच्याजवळ किल्ली नव्हती त्यांना ते शतकानुशतके बंद राहिले. पण पंथाने किल्ली जाणीवपूर्वक सांभाळली होती, म्हणून ते साहित्य अखेर मराठी जगाच्या हाती आले. आपल्या फाँटांच्या किल्ल्या जाणीवपूर्वक सांभाळण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले नाही.

युनिकोडने पुढचा प्रश्न पुष्कळच सोडवला आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, पहिला बाइट नेहमी ई० आणि दुसरा ए४ किंवा ए५. त्यामुळे अशी फाइल काही ओळींतच ओळखता येते. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. परंतु जुन्याचे काय? शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या योजनेत जुने सातबारा व फेरफार प्रथम ज्या जिल्ह्यांचे पाहावयास मिळू लागले त्यांत अकोला आणि अमरावती हे दोन्ही होते, आणि रिद्धपूरला तर २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. रुमालांतले कागद चित्ररूपाने संगणकात येत असताना, त्या प्रत्येक चित्राचा प्रकार, त्याची आवृत्ती व त्यासोबतच्या सूचीची संकेतावली यांची खरी नोंद आजच झाली, तर पुढच्या पिढीला ते दप्तर उघडता येईल.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. अमरावती व अकोल्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी, सेवा केंद्रांवर इतरांचे अर्ज भरून देणारे चालक आणि ग्रंथालयांत डिजिटल संग्रह सांभाळणारी मंडळी हे वाचक नजरेसमोर ठेवून ते लिहिले आहे. आयफोनवरील हेइक स्वरूपातला फोटो केवळ नाव बदलून जेपीजी का होत नाही व त्यामुळे अर्ज का नाकारला जातो, येथून आरंभ करून, पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी पायरीपायरीने उभी करण्यापर्यंत वाचकाला नेण्याचा त्यात प्रयत्न आहे. कोष्टक प्रोग्रामपासून अलग, त्याचा परवाना स्पष्ट लिहिलेला, आणि प्रत्येक निर्णयासोबत तो कोणत्या साक्षीवरून दिला हे सांगण्याची सक्ती, हे तीन दंडक त्या लायब्ररीने आरंभापासून अखेरपर्यंत पाळले आहेत. चलचित्रांच्या संपुटांचा विषय अफाट असल्याने त्याला ओझरता स्पर्श केला आहे. याउलट जुन्या मराठी फाँटांच्या ओळखीला, अक्षरांच्या वारंवारतेवरून व आरटीएफ फाइलीत नमूद असलेल्या फाँटांच्या नावांवरून अनुमान करण्याच्या रीतीला, प्रमाणाबाहेर वाटावी एवढी जागा दिली आहे, आणि ती बुद्ध्याच दिली आहे.

त्या प्रकरणांतील कोष्टके अपुरी आहेत. ज्या छापखान्यांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत किंवा घरांत जुन्या फ्लॉपी, सीडी व त्यांवरील फाँट अजून शिल्लक असतील त्यांनी ते टाकून देऊ नयेत. फाँटाचे पूर्ण नाव, त्याची आवृत्ती आणि त्यात रचलेला एखादा परिच्छेद, त्याच्या छापील प्रतीसह, एकत्र ठेवावा. छापील प्रत आणि फाइल शेजारी शेजारी असली की कोणत्या बाइटाला कोणते अक्षर, हे कोष्टक थोड्या वेळात बांधता येते, आणि पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत त्याला जागा राखून ठेवली आहे.